एआरटी सुरू केली आणि ताप वाढला: गोळ्या ‘गरम’ पडतात म्हणजे नेमकं काय होतं?

‘गोळ्या गरम पडल्या.’ एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या, सुरू केलेल्या माणसाच्या घरात हे वाक्य केव्हा ना केव्हा निघतंच. पहिले दहा-पंधरा दिवस बरे जातात, भूक लागायला लागते, चेहऱ्यावर जरा तरतरी येते आणि मग एकाएकी रोज संध्याकाळी ताप. मानेतली बसत चाललेली गाठ परत फुगते, ठणकते, वरची कातडी लाल आणि ताणलेली. शेजारची काकू सांगते, औषध उष्ण आहे, सब्जा घाल पाण्यात. भाऊ म्हणतो, दोन दिवस बंद ठेव, अंगातली गरमी उतरू दे. त्या दोनाचे पंधरा कधी होतात ते कळत नाही.

घरच्यांचं निरीक्षण खोटं नसतं. आधी गोळ्या सुरू झाल्या, मग त्रास झाला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. चुकतं ते कारण. पुष्कळदा हा ताप गोळ्या लागू पडल्यामुळेच आलेला असतो. दबलेली प्रतिकारशक्ती जागी होते आणि एकदम अंगावर धावून येते. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसात प्रतिकारशक्ती अशी उसळण्याचे दोन-तीन प्रकार आहेत. काही त्रासदायक पण निभावणारे, तर काही थोड्याच दिवसांत जीव घेणारे.

एचआयव्ही म्हणजे प्रतिकारशक्ती कमी होणं, हे आपण पोस्टरवर वाचून पाठ केलंय. ते अर्धंच खरं आहे. हा विषाणू सीडी-४ नावाच्या ज्या पांढऱ्या पेशी मारतो त्यांचं काम फक्त लढाई पेटवण्याचं नाही. कुठे किती जोर लावायचा आणि कधी थांबायचं, हे ठरवण्यातही त्यांचा वाटा असतो. शिवाय लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या सीडी-४ पेशी मोठ्या प्रमाणात मरतात. अस्तर गळकं होतं, आतड्यातल्या जंतूंचे तुकडे रक्तात झिरपत राहतात आणि शरीर कायम चिडलेलं राहतं. २००६ साली हे संशोधनातून नीट पुढे आलं. म्हणजे रक्तातल्या सीडी-४ पेशींची मोजणी चाळीसवर घसरलेला माणूस टीबीशी लढू शकत नाही, आणि त्याच वेळी त्याच्या रक्तात दाह पेटवणारी रसायनंही चढलेली असतात. अशक्तपणा आणि अतिरेक एकाच शरीरात. हे एकदा पटलं की पुढचं सगळं सोपं जातं. (‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून काढे आणि कॅप्सूल विकणाऱ्यांना मात्र हे पटवणं अवघड आहे.)

आयरिस

समजा, चाळिशीतला एक माणूस आहे. वजन उतरतंय, मानेत गाठी. तपासणीत टीबी निघाला, एचआयव्हीही निघाला, सीडी-४ चाळीस. टीबीची औषधं सुरू झाली, ताप उतरला. दोन आठवड्यांनी एआरटी सुरू झाली. एआरटीच्या तिसऱ्या आठवड्यात ताप परत, गाठ आधीपेक्षा मोठी, कदाचित पूही. सुईने काढून पाहिला तर त्यात बऱ्याचदा जिवंत जंतू वाढतच नाहीत.

झालं काय? एआरटीने विषाणूची संख्या काही आठवड्यांत झपाट्याने खाली आणली. लसिकाग्रंथींत अडकून पडलेल्या जुन्या, अनुभवी सीडी-४ पेशी रक्तात उतरल्या. त्यांना जागोजागी टीबीचे जंतू दिसले, मेलेल्या जंतूंचे अवशेषही दिसले. इतके महिने ज्याची दखलच घेतली गेली नव्हती त्यावर आता एका दमात हल्ला सुरू झाला. गाठ फुगली ती या हल्ल्याने. यालाच इम्यून रिकन्स्टिट्यूशन इन्फ्लमेटरी सिंड्रोम म्हणतात, वॉर्डात सगळे त्याला ‘आयरिस’ म्हणतात.

याची दोन रूपं आहेत. वरच्या उदाहरणात रोग माहीत होता, उपचार चालू होते आणि सुधारता सुधारता बिघडलं. दुसऱ्या रूपात रोग आधी माहीतच नसतो. माणूस एआरटी सुरू करतो तेव्हा त्याला खोकला नाही, ताप नाही, आणि महिन्याभरात दणक्यात टीबी उघडा पडतो. टीबी आतच होता, पण खोकला-ताप यायलाही थोडी प्रतिकारशक्ती लागते, आणि तीच नव्हती.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या डॉक्टरांनी १९९२ मध्येच हे टिपलं होतं. तेव्हा एचआयव्हीवर हाताशी मुख्यतः झिडोव्हुडीन हेच औषध होतं, पण त्याच्यानेही टीबीच्या जातकुळीतल्या जंतूंविरुद्धची प्रतिक्रिया काही रुग्णांत जागी होताना दिसली. १९९६ नंतर तीन औषधांचे संच आले तेव्हा हे जगभर दिसायला लागलं. आपल्याकडे कुष्ठरोगाचं काम केलेल्यांना यात फार नवल वाटणार नाही. उपचार चालू असताना चट्टे लाल होऊन सुजणं, नसा दुखणं, ज्याला तिथे ‘रिॲक्शन’ म्हणतात, ते याच घराण्यातलं आहे. एआरटीनंतर लपलेला कुष्ठरोग उघडा पडल्याच्या नोंदीही आहेत.

किती जणांना होतं? २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा: टीबी असलेल्यांत एआरटीनंतर शंभरात सुमारे १६ जणांना, क्रिप्टोकोकस या बुरशीचा मेंदूज्वर असलेल्यांत २० जणांना, आणि सीएमव्ही या विषाणूमुळे डोळ्याचा पडदा बिघडलेल्यांत ३८ जणांना. टीबीच्या आयरिसमध्ये दगावण्याचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं, क्रिप्टोकोकसमध्ये मात्र पाचात एक. हा फरक जागेचा आहे. मानेतली गाठ सुजली तर दुखते, फुटते, बरी होते. मेंदूला कवटीत सुजायला जागा नसते.

सीडी-४ जितका कमी, धोका तितका जास्त. ५०च्या खाली असलेल्यांत सर्वात जास्त.

मग एआरटी उशिरा सुरू करावी का?

हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता, आणि त्याचं उत्तर मिळवायला माणसांवर मोठ्या चाचण्या कराव्या लागल्या. कंबोडियात ६६१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत टीबीची औषधं सुरू केल्यावर काहींना दोन आठवड्यांनी एआरटी दिली, काहींना आठ आठवड्यांनी. लवकर सुरू केलेल्यांत आयरिस जास्त झाला, अगदी अडीचपट. पण मृत्यू? लवकर सुरू केलेल्यांत शंभरात १८, उशिरा सुरू केलेल्यांत २७. त्रास जास्त झाला आणि माणसं जास्त जगली. आयरिसला घाबरून एआरटी लांबवली तर त्या मधल्या दीड महिन्यात दुसरा कुठलातरी संसर्ग माणसाला नेतो. मला या विषयातले हे सगळ्यात बोलके आकडे वाटतात.

पण मेंदूच्या बाबतीत उलटं निघालं. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेत क्रिप्टोकोकस मेंदूज्वराच्या १७७ रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. एक-दोन आठवड्यांत एआरटी दिलेल्यांपैकी ४५ टक्के सहा महिन्यांत दगावले, पाच आठवडे थांबलेल्यांपैकी ३० टक्के. म्हणून आज जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दुहेरी आहे: साधा टीबी असेल तर त्याच्या औषधांनंतर दोन आठवड्यांच्या आत एआरटी, पण मेंदूचा टीबी किंवा क्रिप्टोकोकस असेल तर काही आठवडे मुद्दाम थांबायचं. केंद्रावरचे डॉक्टर एखाद्याला ‘आज नाही, पुढच्या महिन्यात सुरू करू’ म्हणतात ते टाळाटाळ म्हणून नव्हे.

याच कारणासाठी एआरटीच्या आधी चौकशा आणि तपासण्या होतात. खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम, हे चार प्रश्न विचारून विचारून समुपदेशक ताई आपला जीव खातात असं वाटतं. सीडी-४ शंभरच्या खाली असेल तर रक्तात क्रिप्टोकोकस शोधणारी एक छोटी पट्टी-चाचणी असते. लक्षणं नसताना बुरशी सापडली तर आधी फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध देऊन मेंदूज्वर टाळता येतो.

सध्या एआरटीत देतात त्या टीएलडी या तीन औषधांच्या एका गोळीतलं डोल्युटेग्रॅव्हिर विषाणूला फार वेगाने खाली आणतं, तर त्याच्याने आयरिस वाढत असेल का, अशी शंका काहींनी काढली होती. त्याच गटातलं दुसरं औषध जास्तीचं देऊन आफ्रिकेत मोठी चाचणी झाली. विषाणू लवकर खाली आला, आयरिस काही वाढला नाही.

ओळखायचं कसं, आणि स्टिरॉइड

आयरिस दाखवणारी एकही रक्तचाचणी नाही. बाकीची कारणं एकेक करून बाद करायची आणि उरलं ते आयरिस, अशीच पद्धत आहे. इथे घाई नडते. केप टाउनमध्ये टीबीचा आयरिस वाटलेल्या रुग्णांची नीट तपासणी केली, तर दहातल्या एकात आधी न कळलेला, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद न देणारा टीबी निघाला. मुंबईसारख्या शहरात, जिथे औषधांना न जुमानणारा टीबी घरोघरी माहीत झालाय, तिथे ही शक्यता विसरून चालणारच नाही. म्हणून गाठीतला पू परत सीबीनॅटला, म्हणजे टीबी रिफाम्पिसिनला दाद देतो का ते पाहणाऱ्या चाचणीला, जातो.

दुसरं कारण साधं असतं आणि तेच निसटतं. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन डोल्युटेग्रॅव्हिरला यकृतात भराभर संपवतं. त्यामुळे टीबीचे उपचार चालू असेपर्यंत टीएलडीच्या गोळीनंतर बारा तासांनी डोल्युटेग्रॅव्हिरची आणखी एक सुटी गोळी घ्यायची असते. ती सुटी गोळी ‘दोन-दोन कशाला’ म्हणून डब्यात तशीच राहते. मग विषाणू आटोक्यात येत नाही, त्रास वाढतो आणि वरवर सगळं आयरिससारखंच दिसतं.

खरंच आयरिस असेल तर बहुतेक वेळा टीबीची औषधं आणि एआरटी दोन्ही तशीच चालू ठेवतात. त्रास जास्त असेल तर प्रेडनिसोलोन हे दाह दाबणारं स्टिरॉइड देतात. केप टाउनजवळच्या खायेलित्शात २४० जणांवर आणखी पुढचा प्रयोग झाला: सीडी-४ शंभर किंवा त्याहून कमी, टीबी आहे, अशांना एआरटीसोबतच चार आठवडे प्रेडनिसोन हे त्याच जातीचं स्टिरॉइड दिलं, पहिले दोन आठवडे रोज ४० मिलिग्रॅम, पुढचे दोन २०. औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळ्या घेतलेल्यांपैकी ४७ टक्के जणांना टीबीचा आयरिस झाला, प्रेडनिसोन घेतलेल्यांपैकी ३३ टक्के जणांना. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. फायदा खरा आहे, पण तो डॉक्टरांनी निवडलेल्या माणसांत, ठरलेल्या मात्रेत. मेडिकलवाल्याकडून ‘सुजेची गोळी’ आणून खाणं किंवा कुणा वैदूची पुडी घेणं ही त्याची नक्कल नव्हे. पुडीत स्टिरॉइड असेल तर ताप उतरतो, गाठ बसते, आणि आत न ओळखलेला टीबी किंवा बुरशी शांतपणे पसरत जाते.

एचएलएच: जेव्हा पेशी आपल्याच पेशी खातात

आयरिसमध्ये हल्ल्याला निदान एक लक्ष्य असतं. पुढचा प्रकार त्याहून भयानक आहे. त्याचं नाव लांबलचक, हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस. एचएलएच म्हणू.

आपल्या शरीरात मारेकरी पेशी असतात. संसर्ग झालेल्या पेशीला भोक पाडून त्या मारतात. त्यांचं दुसरं काम कमी माहीत आहे: ‘इथे शत्रू आहे’ अशी हाक देणाऱ्या पेशींनाही त्या शेवटी संपवतात, म्हणजे हाक थांबते. हे दुसरं काम अडलं की हाक चालूच राहते. टाकी भरून वाहतेय, पण मोटरचं बटण अडकलंय, बंदच होत नाही, तशातली गत. गॅमा इंटरफेरॉन हे पेशींना चेतवणारं रसायन चढत जातं आणि मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी बेभान होतात. अस्थिमज्जेचा नमुना काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर एखादा टपोरा मॅक्रोफेज दिसतो आणि त्याच्या पोटात अख्ख्या लाल पेशी, प्लेटलेट, कधी पांढरी पेशीही. आपल्याच रक्ताचा घास.

काही बाळांत हा दोष जन्मजात असतो. तसं घराणं स्कॉटलंडच्या डॉक्टरांनी १९५२ मध्ये पहिल्यांदा नोंदवलं. मोठ्या माणसांत तो बहुधा कशाने तरी पेटतो. एचआयव्ही असेल तर टीबी, हिस्टोप्लाझ्मा बुरशी, ईबीव्ही किंवा सीएमव्ही विषाणू, लिम्फोमा हा लसिकाग्रंथींचा कॅन्सर, बिहार-झारखंडकडून आलेल्या माणसात काळा आजार. कधी नुसती एचआयव्हीची ताजी लागण, कधी आयरिसच वाढत वाढत इथवर येतो.

दिसतं काय? न उतरणारा ताप, वाढलेली प्लीहा, कधी कावीळ, आणि रक्ताच्या तिन्ही प्रकारच्या पेशी खाली. गंमत म्हणजे, म्हणजे गंमत कसली, यातली एकही गोष्ट प्रगत एचआयव्हीत नवी नाही. अस्थिमज्जेत टीबी असला तरी हेच दिसतं. संसर्ग टाळायला देतात त्या को-ट्रायमॉक्साझोलने पेशी कमी होतात, झिडोव्हुडीनने हिमोग्लोबिन उतरतं. त्यात पावसाळा असेल तर ताप आणि खाली आलेले प्लेटलेट पाहून सगळ्यांच्या तोंडी डेंग्यू. (डेंग्यूनेही एचएलएच पेटू शकतो, हा आणखी एक घोळ.) म्हणून हा आजार चुकतो, तो दुर्मिळ असण्यापेक्षा गर्दीत मिसळून जातो म्हणून.

संशय यायला कारणीभूत होतो तो फेरिटिनचा रिपोर्ट. लोहाचा साठा दाखवणारं हे प्रथिन निरोगी माणसात साधारण तीनशे-चारशेच्या आत असतं. एचएलएचमध्ये ते दहा हजार, पन्नास हजार असं काहीतरी येतं आणि लॅबवाला नमुना पातळ करून परत लावतो. मोठ्या माणसांत एवढ्यावरून निदान होत नाही, कारण यकृत किंवा मूत्रपिंड बिघडलं, बुरशी पसरली तरी फेरिटिन चढतं. मग रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, चढलंय का, रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन उतरलंय का, हे पाहतात. एक छोटी खूण मला फार नेमकी वाटते: माणूस जास्त आजारी होतोय आणि ईएसआर, म्हणजे दाहाचा अंदाज देणारी साधी रक्तचाचणी, मात्र कमी येतेय. ईएसआर कमी म्हणजे बरं, असं आपण समजतो. इथे तो फायब्रिनोजेन संपत चाललंय म्हणून उतरतो.

मुलांवरच्या चाचणीसाठी २००४ मध्ये आठ निकष ठरले, त्यातले पाच जुळले तर एचएलएच. मोठ्यांसाठी पॅरिसच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये एक गुणपत्रिका बनवली. ताप, अवयवांची वाढ, फेरिटिन वगैरेंना गुण, आणि एचआयव्ही असेल तर त्याचे वेगळे १८ गुण. १६९च्या वर बेरीज गेली की एचएलएचची शक्यता दाट. अस्थिमज्जेत तो भक्षक मॅक्रोफेज दिसला नाही म्हणून एचएलएच नाही असं होत नाही, आणि दिसला म्हणून असतोच असंही नाही.

उपचारात कसरत आहे. आधीच प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाला ती आणखी दाबणारी औषधं द्यायची: डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, कधी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर एटोपोसाइड, जे मूळचं कॅन्सरचं औषध. सोबत पेटवणारं कारण शोधून त्यावर उपचार, आणि एआरटी चालू. कारण सापडलं नाही तर नुसती आग विझवून भागत नाही, ती परत पेटते. टीबी असेल आणि रिफाम्पिसिन चालू असेल तर ते स्टिरॉइडलाही लवकर संपवतं, म्हणजे मात्रेचाही हिशेब बदलतो.

तिसरा प्रकार थोडक्यात. कॅपोसी सार्कोमा या, कातडीवर जांभळट डाग आणि गाठी आणणाऱ्या कॅन्सरला कारणीभूत असलेला विषाणू १९९४ मध्ये सापडला. तो अंगात असलेल्या काहींना एचएलएचसारखीच लक्षणं येतात, पाणी साचतं, फुप्फुस-पोट बिघडतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या डॉक्टरांनी २०१०च्या सुमारास याला वेगळं नाव दिलं, किक्स. आफ्रिकेत याचं महत्त्व मोठं, आपल्याकडे कॅपोसीच विरळा. एवढं मात्र लक्षात ठेवण्यासारखं: कॅपोसी असलेल्या माणसाला स्टिरॉइड दिलं तर कॅपोसी भडकतो. म्हणूनच खायेलित्शाच्या प्रयोगातून कॅपोसी असलेल्यांना वगळलं होतं.

घरच्यांनी काय करायचं

एआरटी सुरू झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत ताप आला, गाठ वाढली तर गोळ्या बंद न करता एआरटी केंद्र गाठायचं, पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. डोकेदुखीसोबत उलट्या, धाप, नजर धूसर होणं, कावीळ, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त, असंबद्ध बोलणं, यातलं काही असेल तर थेट मोठं रुग्णालय. रात्री-अपरात्री काही विचारायचं झालं तर १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा फुकट क्रमांक आहे.

आणि रुग्णालयात गेल्यावर एचआयव्ही लपवायचा नाही. हे लिहायला सोपं आहे, मला माहीत आहे. गावाजवळच्या दवाखान्यात ओळखीची नर्स असते, आणि एआरटीचं हिरवं पुस्तक पिशवीच्या तळाशीच राहतं. पण ते दिसलं नाही तर डॉक्टर डेंग्यू, टायफॉइड, सांध्यांचे आजार असं शोधत बसतात आणि मधले दिवस जातात. २०१७चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत आणि माहिती बाहेर सांगता येत नाही. सगळीकडे तो पाळला जातो असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही, पण अडवणूक झाली तर बोट ठेवायला तो आहे.

पुस्तक दाखवायचं नसेल तर निदान चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: एआरटी सुरू झाल्याची तारीख, आधीचा सीडी-४, टीबीची औषधं कधीपासून, आणि सध्या घेत असलेली प्रत्येक गोळी, सुट्या गोळीसकट.